नंबर गेला, पण नेम का चुकतो?

दिवा–वसई लोहमार्गावर खारबाव नावाचे स्टेशन आहे. भिवंडी तालुक्यातले हे गाव. इथे राहणारा एक तरुण आपण डोळ्यांसमोर आणू. वय २४, नोकरी गोदामात हिशेबनिसाची, डोळ्यांचा नंबर दोन्हीकडे उणे ४. लहानपणी मंडळाच्या कॅरमवर तो तासन् तास बसे. पुढे पगार हाती येऊ लागला आणि त्याला पूल खेळायचा नाद लागला. (हा पूल म्हणजे ओढ्यावरचा पूल नव्हे आणि पोहण्याचा तलावही नव्हे. हिरव्या बनातीने मढवलेल्या मेजावर, क्यू नावाच्या लांब काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्याच्या धक्क्याने रंगीत चेंडू पॉकेटमध्ये घालवायचा, असा हा खेळ. बिलियर्ड्स आणि स्नूकर यांचा तो भाऊबंद.)

चष्म्याला कंटाळून आपल्या तरुणाने लेसरची शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचे घड्याळ त्याला चष्म्याशिवाय लख्ख दिसले. घरात पेढे वाटले गेले. दहा दिवसांनी डॉक्टरांच्या परवानगीने तो मेजापाशी उभा राहिला. समोर अगदी सोपा चेंडू होता. त्याने नेम धरला, टोला दिला आणि चेंडू पॉकेटच्या ओठावर आपटून परत आला. पुन्हा तेच. नजर पूर्वीपेक्षा चांगली, मग नेम वाईट कसा?

तरुण कल्पनेतला असला तरी त्याची अडचण खरी आहे. ती उलगडायला आपल्याला थोडे प्रकाशशास्त्र, थोडे शरीरशास्त्र आणि अगदी थोडी भूमिती लागेल. तिन्ही विषय तुमच्या अभ्यासक्रमात आहेतच.

भूमितीपासून सुरुवात करू. पूलच्या चेंडूचा व्यास ५७ मिलिमीटर असतो. दोन चेंडू एकमेकांना टेकतात त्या क्षणी त्यांच्या केंद्रांमधले अंतरही तेवढेच, म्हणजे ५७ मिलिमीटर असते आणि रंगीत चेंडू या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने पळतो. आता समजा, पांढरा चेंडू हव्या त्या जागेपेक्षा १ मिलिमीटर बाजूला येऊन टेकला. केंद्ररेषा किती वळेल? एकास सत्तावन्न रेडियन. आणि गंमत पाहा, एका रेडियनमध्ये अंशही सुमारे ५७च असतात! म्हणजे हिशेब तोंडी करता येतो: चूक १ मिलिमीटर, तर दिशा १ अंशाने बदलली. पॉकेट १ मीटर दूर असेल, तर तिथे पोहोचेपर्यंत चेंडू सुमारे १७ मिलिमीटर भरकटतो. कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साधारण ११४ मिलिमीटर रुंद असते. त्यातून चेंडूची रुंदी वजा केली, की दोन्ही बाजूंना २८ मिलिमीटरच मोकळी जागा उरते. एक मिलिमीटरची चूक खपून जाते, दोन मिलिमीटरची खपत नाही.

आता डोळ्याकडे वळू. उणे ४ नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय कुठपर्यंत स्पष्ट दिसते? १०० ला ४ ने भागा. २५ सेंटीमीटर! नेम धरताना पांढरा चेंडू याच्या दुपटीहून जास्त दूर असतो आणि रंगीत चेंडू त्याहून किती तरी पुढे. चष्मा काढला तर दोन्ही चेंडूंच्या कडा विरघळल्यासारख्या दिसणार आणि खेळाडू तर नेमका त्या कडेवर नेम धरत असतो. तेव्हा चष्मा हवाच.

पण चष्मा लावला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. कॅरम खेळताना तुम्ही बसलेले असता, ७४ सेंटीमीटरचा चौरस पट तुमच्या खाली असतो आणि नजर चष्म्याच्या काचेच्या मध्यातून किंवा किंचित खालून जाते. चष्म्याची कुरकूर न करता उत्तम कॅरम खेळणारे तुम्ही पाहिले असतील. पूलमध्ये खेळाडू कमरेत वाकतो, हनुवटी जवळजवळ क्यूला टेकवतो आणि भुवया उंचावून समोर पाहतो. मान खाली आणि नजर वर. अशा वेळी दृष्टी काचेच्या वरच्या काठातून जाते, कधी फ्रेमची दांडी मध्ये येते, तर कधी नजर काचेच्या वरूनच निसटते.

काचेचा काठ म्हणजे काय, हे घरच्या घरी पाहता येईल. घरात कोणाचा उणे नंबरचा चष्मा असेल तर विचारून घ्या. तो हातभर अंतरावर धरा आणि एका डोळ्याने त्यातून खिडकीचा गज पाहा. चष्मा हळूच उजवीकडे सरकवा. काचेतला गजही उजवीकडे सरकेल आणि काचेबाहेरच्या गजाशी त्याचा सांधा तुटेल. जाड अक्षरांचे पुस्तक वाचण्यासाठी आजोबा वापरतात तो अधिक नंबरचा चष्मा घेतलात, तर गज उलट दिशेला पळेल. भिंगाचा मध्य सोडून बाजूने पाहिले, की भिंग लोलकासारखे वागते. किती? नियम सोपा आहे. मध्यापासून १ सेंटीमीटर बाजूने पाहिले तर १ मीटर दूरची वस्तू जितका नंबर तितके सेंटीमीटर सरकलेली दिसते. आपल्या तरुणाच्या बाबतीत ४ सेंटीमीटर! शिवाय काठातून पाहताना प्रतिमा धूसर होते आणि मेजाची सरळ कड किंचित फुगीर दिसते, ते वेगळेच.

या अडचणीवर सर्वांत गाजलेला उपाय उत्तर आयर्लंडचा स्नूकरपटू डेनिस टेलर याच्या नाकावर होता. त्याचा चष्मा उलटा बसवल्यासारखा दिसे. काचा भल्या मोठ्या, भुवयांच्याही वर गेलेल्या. लोक हसत. पण त्या काचांचा प्रकाशीय मध्य मुद्दाम वर नेलेला होता, म्हणजे तो मेजावर वाकला की नजर बरोबर मध्यातून जाई. जॅक कार्नम या स्नूकर समालोचकाने तो घडवून दिला होता. १९८५ च्या एप्रिलमध्ये शेफील्ड येथे जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात टेलरसमोर स्टीव्ह डेव्हिस होता. डेव्हिसने पहिले आठही डाव जिंकले. तरी सामना १७–१७ असा बरोबरीत आला आणि शेवटच्या डावातल्या शेवटच्या काळ्या चेंडूवर, मध्यरात्र उलटून गेल्यावर, टेलर जिंकला. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागून दूरचित्रवाणीवर तो पाहत होते. त्या हास्यास्पद चष्म्याला मग कोणी हसले असेल असे मला वाटत नाही.

जाता जाता सांगतो, हा खेळ आपल्याला परका नाही. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला, असे मानतात. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारे ते पहिले भारतीय.

लेसर नेमके काय करतो?

डोळ्याच्या सर्वांत पुढे पारपटल ही पारदर्शक काच असते. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर, त्यांतले सुमारे ४३ एकट्या पारपटलाचे. आतले भिंग त्या मानाने दुय्यम, ते जवळ-दूरची बारीक जुळवणी करते. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळे धूसर का दिसते, हे आता लक्षात येईल. पाणी आणि पारपटल यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्याने पारपटलाची बरीचशी शक्ती पाण्यात नाहीशी होते.

निकटदृष्टिता असलेला डोळा बहुधा लांबट असतो. नेहमीच्या डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर. उणे ४ नंबरचा डोळा त्याहून दीडएक मिलिमीटर जास्त लांब भरतो. त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. डोळा आखूड करता येत नाही. मग पुढच्या काचेची वक्रता थोडी कमी केली तर? ही कल्पना जुनी होती, पण काच इतकी अचूक तासणार कशाने?

उत्तर एका वेगळ्याच प्रयोगशाळेतून आले. मद्रासमध्ये जन्मलेले आणि तिथल्याच विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात जंबुपार लेसरवर काम करीत. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याचे तुकडे घेऊन ते प्रयोगशाळेत आले. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेसरचे झटके त्यावर सोडले, तर स्वच्छ, कोरीव खाच पडली आणि आसपासचा भाग करपला नाही. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. त्यांच्या या कामाचे एक छायाचित्र फार प्रसिद्ध आहे: माणसाच्या एका केसावर लेसरने कोरलेल्या सुबक खाचा! या प्रकाशाच्या एका कणात ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ पुरतात. म्हणून इथे ऊती जळण्याऐवजी तिच्या रेणूंचे बंध तुटतात आणि ते तुकडे उडून जातात. एका झटक्यात मायक्रॉनचा सुमारे चौथा हिस्सा निघतो. स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्याने १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्या मदतीने हा लेसर पारपटलावर वापरून पाहिला. त्याच दशकाच्या अखेरीस तो माणसांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला. आज लॅसिक नावाने ओळखली जाणारी रीत १९९० च्या सुमारास ग्रीसमधले योआनिस पालिकारिस यांनी विकसित केली.

लॅसिकमध्ये पारपटलाच्या वरच्या थराची एक पातळ झडप कापतात. एका बाजूला बिजागरीसारखी जोडलेली ठेवून ती उलगडतात, खालचा भाग लेसरने तासतात आणि झडप पुन्हा जागेवर बसवतात. टाके नाहीत. डोळ्यात बधिर करणारे थेंब घातलेले असतात. प्रत्यक्ष लेसर बहुधा एक मिनिटसुद्धा चालत नाही.

किती तासायचे, याचा ढोबळ हिशेब तुम्हीही करू शकाल. तासायच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, नंबराने गुणा आणि ३ ने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येते. व्यास ६, नंबर ४: छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस, भागिले ३, म्हणजे ४८ मायक्रॉन. आपला केस याहून जाड असतो! पारपटलाची मध्यावरची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन. झडपेचे ११० आणि तासलेले ४८ वजा केले तर ३८२ उरतात. ते पुरेसे आहेत. पण नंबर ९ असेल आणि पारपटल मुळातच ४८० मायक्रॉनचे असेल, तर? करून पाहा. उत्तर पाहिलेत की काही जणांना डॉक्टर "तुमचा डोळा लेसरला योग्य नाही" असे का सांगतात, ते समजेल. तासलेला भाग पुन्हा उगवत नाही आणि फार पातळ झालेले पारपटल डोळ्यातल्या दाबाने पुढे फुगू शकते.

दहा दिवसांनंतरचा डोळा

झडपेच्या कडेवरची कातडी साधारण दिवसभरात सांधते. पण आतली पकड पूर्वीइतकी घट्ट कधीच होत नाही. म्हणून डोळा चोळायचा नाही, ही पहिली आणि सर्वांत कडक सूचना. झोपेत हात जाऊ नये म्हणून काही रात्री प्लॅस्टिकची ढाल लावून निजायचे. ठरलेल्या वेळी औषधाचे थेंब घालायचे. पोहणे काही आठवडे बंद. (पाहा, एका पूलला लवकर परवानगी आणि दुसऱ्याला बंदी!) खारबावहून भिवंडीकडे दुचाकीने जाणाऱ्याला आणखी एक पथ्य: मालमोटारींची धूळ आणि यंत्रमागांचा उडता कापूस डोळ्यात जाऊ नये म्हणून बंद बाजूंचा गॉगल. पूलच्या मेजापाशीही निळा खडू असतोच. क्यूच्या टोकाला तो घासला की भुकटी उडते आणि तेच बोट नकळत डोळ्याकडे जाते. खेळ संपल्यावर हात धुणे हा इथे औषधोपचाराचाच भाग समजा.

आता नेमाकडे येऊ. पारपटलाच्याही पुढे, सर्वांत बाहेर, अश्रूंचा एक थर असतो. जाडी अवघी काही मायक्रॉन. प्रकाश पहिल्यांदा वळतो तो या थराच्या पृष्ठभागावर. म्हणजे खरे पाहता डोळ्याचे पहिले भिंग पाण्याचे आहे आणि प्रत्येक उघडझापीबरोबर ते नव्याने तयार होते. डोळा कोरडा पडतो आहे, ही खबर मेंदूला देणारे मज्जातंतू पारपटलात असतात. झडप कापताना त्यांतले पुष्कळसे तुटतात आणि पुन्हा वाढायला महिने लागतात. तोवर अश्रू कमी येतात आणि थर लवकर फाटतो. बहुतेकांचा हा कोरडेपणा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. काहींना तो बराच काळ छळतो, हे शस्त्रक्रियेपूर्वी माहीत असलेले बरे.

आणि नेम धरणारा माणूस काय करतो? पापणी न हलवता टक लावून पाहतो! एकाग्र होऊन पाहताना आपली उघडझाप कितीतरी कमी होते, हे कुणाला संगणकापुढे बसलेले पाहिलेत तर ध्यानात येईल. तेव्हा आपला तरुण वाकतो, क्यू मागेपुढे करतो, पाच-सहा सेकंद टक लावतो आणि नेमका टोला देण्याच्या क्षणी त्याचा अश्रूंचा थर फाटलेला असतो. कड पुसट होते. भूमितीने आपल्याला किती सूट दिली होती ते आठवा: दोन मिलिमीटरसुद्धा नाही.

दुसरा त्रास दिव्यांचा. मंद उजेडात बाहुली मोठी होते. ती तासलेल्या वर्तुळाहून मोठी झाली, की कडेच्या न तासलेल्या भागातून आलेला प्रकाश वेगळ्या जागी एकवटतो आणि दिव्याभोवती वलय किंवा किरणांची चांदणी दिसते. पूलच्या खोलीत मेजावर झगझगीत दिवे असतात आणि प्रत्येक गुळगुळीत चेंडू आपल्या माथ्यावर त्या दिव्याचे एक प्रतिबिंब मिरवत असतो. पहिल्या काही आठवड्यांत सूजही पुरती उतरलेली नसल्याने ही प्रतिबिंबे पसरट दिसतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचेही तसेच होते. म्हणून सुरुवातीला रात्री दुचाकी न चालवणेच शहाणपणाचे.

तिसरे कारण मात्र डोळ्यात नाही, ते मेंदूत आहे आणि मला स्वतःला तेच सर्वांत मौजेचे वाटते. उणे नंबरचे भिंग वस्तू लहान दाखवते. डोळ्यापुढे दीड सेंटीमीटरवर धरलेले उणे ४ चे भिंग प्रतिमा सुमारे ६ टक्क्यांनी लहान करते. म्हणजे इतकी वर्षे आपल्या तरुणाला ५७ मिलिमीटरचा चेंडू ५४ मिलिमीटरचा दिसत होता! त्याच्या मेंदूने त्या आकारावरून अंतरे मापली, त्यावरून हाताला हुकूम दिले आणि हजारो टोल्यांतून त्यांचा मेळ घातला. आता एका सकाळी सगळे मेज ६ टक्क्यांनी मोठे झाले. आणखी एक बदल त्याच्या ध्यानातही आला नसेल. नजर काचेच्या मध्यातून जावी म्हणून तो मान जरा उंच ठेवून खेळत असे. चष्मा गेल्यावर हनुवटी खाली आली आणि डोळा व क्यू यांचे नातेच बदलले.

मेंदू अशा बदलांशी जुळवून घेतो, हे जुने ठाऊक आहे. जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात जग उलटे दाखवणारी भिंगे सलग काही दिवस डोळ्याला बांधली आणि हळूहळू तो वस्तू उचलू, चालू लागला. सहा टक्के त्या मानाने काहीच नव्हे. पण जुळवणी नुसत्या पाहण्याने होत नाही. टोला मारायचा, तो कुठे चुकला ते पाहायचे आणि पुन्हा मारायचा. मेंदू शिकतो तो या चुकांवरून.

तेव्हा आपल्या तरुणाने काय करावे? सामने लावू नयेत. जवळचे, सरळ चेंडू मारत राहावेत. वाकण्यापूर्वी पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात, वेळ लागला तर उठून पुन्हा मिटाव्यात, पंख्याच्या झोतासमोर उभे राहू नये आणि डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब खिशात ठेवावेत. अचानक दुखले, लाली आली किंवा दिसणे कमी झाले, तर क्यू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. चेंडू किंवा क्यूचे टोक डोळ्याला लागले, तर शस्त्रक्रियेला वर्षे लोटली असली तरी हाच नियम.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की दहावीची परीक्षा संपली की आपणही चष्मा घालवून टाकू. थांबा. अठरा वर्षांपूर्वी ही शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत आणि नंतरही निदान वर्षभर नंबर स्थिर असावा लागतो. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढत असते. आज पुढची काच तासली आणि उद्या डोळा आणखी लांबला, तर नंबर परत येणार आणि तासायला पारपटल मात्र पूर्वीइतके उरलेले नसणार. शिक्षकांनीही एक करावे. फळ्यावरचे वाचायला डोळे बारीक करणारा मुलगा दिसला, तर त्याला पुढच्या बाकावर बसवून प्रश्न मिटवू नये, डोळे तपासून घ्यायला घरी सांगावे. साधा चष्मा त्या वयात फार मोठे काम करतो.

आणि आपल्या खारबावच्या तरुणाच्या कपाटात जुन्या चष्म्याशेजारी एक कागद ठेवलेला असायला हवा. त्याचा नंबर शून्य झाला असला तरी डोळा अजून तेवढाच लांब आहे आणि लांबट डोळ्याचे दृष्टिपटल ताणलेले असते. ते पाठीमागे कुठे विरळ झाले आहे का, हे बाहुली मोठी करणारे थेंब घालून दर वर्षी पाहून घ्यावे लागते. त्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. त्या दिवशी मात्र थेंबांचा असर उतरेपर्यंत काही तास सगळेच धूसर दिसणार, तेव्हा पूल बंद. कॅरमचासुद्धा नेम त्या संध्याकाळी धड लागायचा नाही.